पहाटे रुसणारा ट्रक

जानेवारीतली पहाट आहे. नाशिक जिल्ह्यातला निफाड तालुका. इथे काही वर्षी थंडी अशी पडते, की द्राक्षाच्या वेली जपण्यासाठी बागायतदारांना बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. अशा पहाटे रस्त्याच्या कडेला एक जुना डिझेल ट्रक उभा आहे, अशी कल्पना करा. पाठीवर कांद्याच्या गोण्या आहेत. कसारा घाट उतरून वाशीच्या बाजारात वेळेवर पोचायचे आहे.

ड्रायव्हर किल्ली फिरवतो. स्टार्टर घर्र घर्र करीत एंजिन फिरवतो, पण एंजिन काही पेट घेत नाही. पुन्हा एकदा. पुन्हा एकदा. पाचव्या खेपेला, बॅटरी दमत आली असताना, एंजिन एकदा खोकते, दोनदा खोकते, पांढऱ्या धुराचा लोट सोडते आणि अडखळत चालू होते. गंमत अशी, की एकदा चालू झाले म्हणजे दिवसभर तक्रार नाही. दुपारी चहाला थांबून पुन्हा किल्ली फिरवली, तर अर्ध्या फेऱ्यात चालू!

या ट्रकची दुसरीही एक तक्रार आहे. वाशीला कांदा उतरवून, परतीला खताची पोती भरून तो कसारा घाट चढू लागला, की त्याचा दम तुटतो. सपाट रस्त्यावर बरा चालणारा ट्रक घाटात बैलगाडीच्या गतीने सरकतो. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला, तरी गाडी ओढत नाही. मागे वाहनांची रांग लागते.

पहाटेचा तास वाया गेला तर लिलाव चुकतो आणि शेतकऱ्याचा माल पडून राहतो. ट्रकच्या मालकाला तर कोणीतरी सांगून टाकले आहे, "पंप गेला, एंजिनही खोलावे लागेल." म्हणजे कित्येक महिन्यांची कमाई गेली. पण खरेच पंप गेला आहे का? हे कसे ओळखायचे? विद्यार्थी मित्रांनो, आज आपण एका मिस्त्रींच्या पाठोपाठ या ट्रकच्या दुखण्याचा शोध घेऊ या. त्यांच्याजवळ मोठी यंत्रे नाहीत. पाने आहेत, डोळे आहेत आणि विचार करण्याची एक पद्धत आहे.

ठिणगीशिवाय आग

पेट्रोलच्या एंजिनात ठिणगी पाडणारा प्लग असतो. डिझेल एंजिनात तो नसतो. मग डिझेल पेटते कशाने? केवळ गरम हवेने!

सायकलच्या पंपाने चाकात जोरजोराने हवा भरल्यावर पंपाच्या तळाला तुम्ही कधी हात लावला आहे? तो चांगलाच गरम लागतो. हवा झपाट्याने दाबली की ती तापते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने याच तत्त्वावर आपले एंजिन उभारले. 1897 साली आउग्सबुर्ग येथे त्या एंजिनाची यशस्वी चाचणी झाली. इंधनातील सुमारे 26 टक्के उष्णतेचे त्याने कामात रूपांतर केले. त्या काळची वाफेची एंजिने याच्या जवळपासही पोचत नव्हती.

आपल्या ट्रकच्या सिलिंडरात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वर येताना हवेचे आकारमान सुमारे 17 पट कमी करतो. हवा 27 अंश सेल्सिअसची असेल आणि थोडीही उष्णता किंवा हवा बाहेर निसटली नाही, तर गणिताने तिचे तापमान 650 अंशांच्या वर जाते. प्रत्यक्षात काही उष्णता सिलिंडरच्या भिंती घेतात आणि पिस्टनच्या रिंगांशेजारून थोडी हवाही निसटते. तरीही तापमान 500 अंशांच्या आसपास राहते. डिझेल आपोआप पेटायला सुमारे 250 अंश पुरतात. त्यामुळे फवारा आत शिरताच भडका उडतो.

आता थंडीतल्या पहाटेचा विचार करा. आत येणारी हवाच 5 अंशांची आहे. भिंती गार आहेत. वंगण तेल घट्ट झाले आहे, म्हणून एंजिन सावकाश फिरते आणि सावकाश दाबलेल्या हवेला गळून जायला जास्त वेळ मिळतो. रिंगा झिजलेल्या असतील, तर दाबाच्या शेवटी तापमान 300 अंशांपर्यंतही न पोचणे शक्य आहे. क्षणाच्या शंभराव्या भागात पेट घ्यायला तेवढे तापमान अपुरे पडते. म्हणून सकाळी एंजिन रुसले, की पहिला संशय येतो तो हवेच्या दाबावर, म्हणजे कॉम्प्रेशनवर. आपल्या ट्रकच्या मालकालाही हाच संशय सांगितला गेला होता. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे.

एका थेंबाची कामगिरी

दुसरी बाजू इंधनाची. टाकी खाली, चॅसिसच्या कडेला असते. तिच्यातले डिझेल वर ओढण्याचे काम फीड पंप करतो. तिथून ते फिल्टरमधून गाळून मुख्य पंपात जाते. मुख्य पंप ते प्रचंड दाबाने नोझलकडे ढकलतो आणि नोझल त्याचा धुक्यासारखा फवारा सिलिंडरात मारते. जुन्या ट्रकचे नोझल उघडायलाच दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 200 किलोग्रॅमचा दाब लागतो. असा पंप पूर्वी फार अवघड चीज समजली जात असे. 1927 साली जर्मनीतील बॉश कंपनीने त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले आणि मगच डिझेल एंजिन मालमोटारीत सहजपणे बसू लागले.

प्रत्येक खेपेला किती डिझेल फवारले जाते, ठाऊक आहे? सुमारे एक लिटरच्या सिलिंडरला पूर्ण ताकदीसाठीही साधारण एक थेंब! तेवढा थेंब ठरल्या क्षणी, ठरल्या दाबाने पोचवायचा. एंजिन मिनिटाला 2400 फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरात सेकंदाला 20 वेळा.

आता या वाटेत हवेचा बुडबुडा शिरला तर काय होईल? डिझेल जवळजवळ दाबले जात नाही. पंपाने ढकलले की ते लगेच पुढे सरकते. हवा मात्र दाबली जाते. 200 पट दाब आला, तर बुडबुडा दोनशेव्या हिश्श्याइतका लहान होतो. पंपाची सारी हालचाल बुडबुडा लहान करण्यातच खर्ची पडते आणि नोझल उघडतच नाही. पंप चांगला, नोझल चांगले, डिझेलही चांगले. तरी एंजिन मुके! गॅरेजच्या भाषेत याला "गाडीने एअर धरली" असे म्हणतात.

धुराची भाषा

मिस्त्री आले ते संध्याकाळी. त्यांनी ट्रक रात्रभर तसाच ठेवायला सांगितला. "उस्ताद, सकाळी मी आल्याशिवाय किल्लीला हात लावू नका," ते ड्रायव्हरला म्हणाले. दुखणे जेव्हा दिसते, तेव्हाच पाहायला हवे.

पहाटे त्यांनी आधी बॅटरीची टोके पाहिली. हे पहिले का? कारण सर्वात सोपे आणि बिनखर्चाचे काम आधी करायचे. स्टार्टर फिरताना शेकडो अँपियर प्रवाह वाहतो. टोकावर पांढरा क्षार साचून एक शतांश ओहमचा जरी रोध निर्माण झाला, तरी ओहमच्या नियमाने 300 अँपियरला 3 व्होल्ट तिथेच वाया जातात. 12 व्होल्टच्या गाडीत हा पाव हिस्सा झाला! असे टोक स्टार्टर मारल्यावर गरमही लागते. इथे मात्र टोके स्वच्छ होती आणि स्टार्टर जोमाने फिरत होता.

मग मिस्त्री सायलेन्सरच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. "उस्ताद, मारा सेल्फ." एंजिन फिरले, पेटले नाही. मिस्त्रींनी मान हलवली. "धूरच नाही."

या दोन शब्दांत अर्धा तपास संपला होता. कसा ते पाहा. सिलिंडरात डिझेल पोचत आहे, पण हवा पुरेशी तापत नाही, असे असते, तर न जळलेल्या डिझेलची वाफ पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर आली असती. धूर अजिबात नाही, याचा अर्थ डिझेल आत पोचतच नाही! म्हणजे दोष कॉम्प्रेशनचा नसून इंधनाच्या वाटेवर आहे.

धुराची ही भाषा लक्षात ठेवण्याजोगी आहे. पांढरा धूर म्हणजे डिझेल आले पण जळले नाही. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडली. निळसर धूर म्हणजे वंगण तेल जळते आहे; रिंगा किंवा झडपांचे मार्गदर्शक झिजले असावेत. आणि स्टार्टर मारताना धूरच नसणे, हीसुद्धा एक बातमीच आहे.

तरीही मिस्त्रींनी एक उलटतपासणी घेतली. फीड पंपावर हाताने दाबायचा एक लहान पंप असतो, त्याला हँड प्रायमर म्हणतात. फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू त्यांनी थोडा सैल केला आणि हँड प्रायमर मारू लागले. स्क्रूशेजारून आधी पांढरा फेस आला. बुडबुडेच बुडबुडे! थोड्या वेळाने बुडबुडे थांबले आणि स्वच्छ डिझेलची धार आली. स्क्रू आवळला. "आता मारा." एंजिन पहिल्याच खेपेला चालू झाले. थंडी तीच, रिंगा त्याच, नोझल तेच. बदलली ती एकच गोष्ट, नळीतली हवा गेली.

हवा आली कुठून?

इथे तुम्हांला एक प्रश्न पडला असेल. नळीला भोक असेल, तर डिझेल बाहेर गळायला हवे. खाली तर एक थेंबही नाही. मग हवा आत कशी?

शहाळ्यात नळी घालून पाणी पिताना काय होते, ते आठवा. तुम्ही नळीतला दाब कमी करता आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. नळीला टाचणीने भोक पाडले, तर त्यातून पाणी बाहेर येत नाही. उलट हवाच आत ओढली जाते आणि तुमच्या तोंडात फुरफुर होते. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी म्हणजे अशीच शहाळ्यातली नळी. तिच्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. म्हणून तिथली गळती आतल्या बाजूला असते, आणि डोळ्यांना दिसत नाही.

रात्रीचे कोडेही यातच सुटते. पाण्याने भरलेल्या नळीचे वरचे तोंड बोटाने बंद ठेवले, तर पाणी आत लटकून राहते. बोट काढले की खाली पडते. ट्रक रात्रभर उभा असताना सूक्ष्म भेगेतून हवा हळूहळू आत येते आणि नळीतले डिझेल टाकीत परत उतरते. सकाळी सारी नळी पुन्हा भरेपर्यंत स्टार्टरला घरघरत राहावे लागते. दुपारच्या चहाला वीस मिनिटेच थांबल्यामुळे एवढे डिझेल उतरायला वेळ मिळत नाही.

हा झाला तर्क. आता पुरावा. दुसऱ्या रात्री मिस्त्रींनी टाकीची नळी सोडवली. एका स्वच्छ डब्यात डिझेल भरून तो एंजिनापेक्षा उंच बांधला आणि आगीची काळजी घेऊन, पारदर्शक नळीने थेट फीड पंपाला जोडला. म्हणजे जुनी टाकी आणि जुनी नळी दोन्ही वगळल्या. पहाटे किल्ली फिरवताच ट्रक चालू! आता दोष टाकी आणि फीड पंप यांच्या दरम्यान आहे, याबद्दल शंका उरली नाही. जुनी नळी पुन्हा जोडून तिच्या टोकाला पारदर्शक नळीचा तुकडा बसवला, तेव्हा बुडबुडे माळेसारखे धावताना दिसले. एंजिनाची गती वाढवली की माळ दाट होई. फीड पंपाजवळच्या रबरी नळीला, पकडीखाली, केसासारखी चीर पडली होती.

घाट नावाचा परीक्षक

नवी नळी आणि जोडाचे नवे तांब्याचे वायसर बसले. सकाळची तक्रार संपली. पण परतीच्या फेरीत ड्रायव्हर म्हणाला, "मिस्त्री, घाटात पूर्वीपेक्षा बरी आहे, पण अजून पुरी ओढत नाही."

सपाटीवर न जाणवणारा दोष घाटातच का दिसतो? थोडे गणित करू. भरलेला ट्रक 12 टनांचा आहे. सपाट रस्त्यावर ताशी 40 किलोमीटर वेगाने जायला, चाकांचे घर्षण आणि हवेचा विरोध मिळून, साधारण 25 अश्वशक्ती पुरते. आता 20 मीटरला 1 मीटर चढ घ्या. ताशी 18 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 5 मीटर गेले, तर ट्रक सेकंदाला पाव मीटर वर चढतो. 12,000 किलोग्रॅम गुणिले 9.8 गुणिले 0.25 म्हणजे 29,400 वॅट, सुमारे 39 अश्वशक्ती. त्यात घर्षणाची 8 मिळवली, की झाली 47. एवढ्या कमी वेगालाही सपाटीच्या जवळजवळ दुप्पट! चाकांपर्यंत 80 अश्वशक्ती पोचत असेल, तर हाच ट्रक ताशी 30 किलोमीटरने चढेल. 40 च पोचत असेल, तर 15 वर अडकेल. सपाटीवर मात्र दोन्ही ट्रक सारखेच बरे वाटतील. अभ्यास न केलेला विद्यार्थी वर्गात ओळखू येत नाही, परीक्षेत येतो. तसेच हे आहे.

ताकद कमी पडण्याची कारणे पुष्कळ असतात. मिस्त्रींनी ती एकेक करून खोडली. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबल्यावर पंपाचा दांडा पुरा फिरतो का? फिरतो. ब्रेक अडकून चाके जड झाली आहेत का? थोडे चालवून चाकांच्या तुंब्यांजवळ हात नेऊन पाहिले. कोणतेही जास्त तापलेले नव्हते. हवेचा फिल्टर चोंदला आहे का? एक लिटर डिझेल जाळायला निदान 10 घनमीटर हवा लागते, आणि धूर होऊ नये म्हणून प्रत्यक्षात बरीच जास्त द्यावी लागते. दोन लिटर डिझेलमागे दहा फूट लांब, रुंद आणि उंच अशा खोलीभर हवा एंजिन गिळते! ती कमी पडली, तर काळा धूर येतो. इथे काळा धूर नव्हता. म्हणजे कमी पडत होते ते डिझेलच. डिझेलचा फिल्टर तर नुकताच बदलला होता.

टाकीच्या झाकणाला हवा आत जाण्यासाठी बारीक छिद्र असते. ते बुजले, तर डिझेल जसजसे संपते तसतसा टाकीत दाब कमी होतो आणि डिझेल वर येईनासे होते. झाकण उघडल्यावर "फुस्स" असा आवाज येतो आणि गाडी सुधारते. तेही तपासले, छिद्र मोकळे होते.

उरली टाकी. तिच्या तळाशी, डिझेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाला एक जाळी असते. ती काढून पाहिली तर काय! गंज, गाळ आणि पाणी यांच्या चिकट थराने ती जवळजवळ बुजून गेली होती. सपाटीवर लागणारे थोडे डिझेल तिच्यातून कसेबसे येई. घाटात एंजिनाने तिप्पट मागितले की ते कमी पडे. शिवाय ओढ वाढल्यामुळे नळीतला दाब आणखी घटे आणि चिरेतून जास्त हवा घुसे. असे हे दोन लहान दोष एकमेकांना हात देत होते. टाकी रिकामी करून धुतली, जाळी साफ केली. पुढच्या फेरीला खताची तीच पोती घेऊन ट्रकने घाट न दमता चढला.

पंप खोलला नाही, एंजिन खोलले नाही. खर्च झाला तो एका रबरी नळीचा, चार वायसरांचा आणि दोन दिवसांच्या विचारी कामाचा.

यातून काय शिकायचे?

मिस्त्रींनी प्रयोगशाळेचे नियम पाळले. दोष प्रत्यक्ष पाहिला. स्वस्त आणि सोपी शक्यता आधी तपासली. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलली. त्यांनी एकदम नळी, पंप आणि नोझल बदलले असते, तर दोष गेला असता कदाचित, पण कशाने गेला हे कधीच कळले नसते. आणि एक तक्रार गेल्यावर दुसरीही गेलीच असेल, असे त्यांनी मानले नाही.

आजच्या नव्या ट्रकमध्ये डिझेलचा दाब जुन्याच्या कित्येक पट असतो आणि संगणक फवारा ठरवतो. 1 एप्रिल 2020 पासून भारतात बीएस-6 नियम लागू झाल्यावर ही यंत्रणा अधिकच गुंतागुंतीची झाली आहे. अशा गाडीचे पाइप वाटेल तसे सैल करू नयेत. पण तिच्यातही आग लागते ती दाबून तापवलेल्या हवेनेच, आणि टाकीपासूनच्या नळीत हवा शिरली तर तीही रुसतेच.

दोन गोष्टी मात्र कधीही करू नका. थंडीत एंजिनाखाली जाळ करण्याची किंवा हवेच्या तोंडाशी पेटता बोळा धरण्याची चाल काही ठिकाणी आहे. त्यात ट्रक आणि माणसे दोन्ही जळण्याचा धोका असतो. आणि चालू नोझलच्या फवाऱ्यापुढे हात धरू नका. तो फवारा कातडीतून आरपार शिरतो. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, पण बोट गमवावे लागू शकते.

करून पाहा

सुई नसलेली एक नवी सिरिंज घ्या. ती पाण्याने पूर्ण भरा, आतला प्रत्येक बुडबुडा काढून टाका, तोंड बोटाने घट्ट दाबा आणि दट्ट्या ढकला. तो हलत नाही. आता अर्धे पाणी आणि अर्धी हवा घेऊन तेच करा. दट्ट्या आत जातो, सोडला की परत येतो, आणि पाणी मात्र बोटाला तेवढ्या जोराने ढकलत नाही. पहाटे रुसलेल्या ट्रकचा पंप नेमके हेच करीत असतो.

दुसरा प्रयोग नळीचा. पेल्यातले पाणी नळीने ओढा. मग नळीला वरच्या बाजूला टाचणीने एक भोक पाडा आणि पुन्हा ओढा. भोक आणखी मोठे केले तर काय होते? भोक तसेच ठेवून नळीचे खालचे तोंड थोडे चिमटले तर? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुम्हांला सापडले, म्हणजे टाकीतली बुजलेली जाळी आणि रबरी नळीतली चीर यांचे नातेही सापडले असे समजा.